उद्याने आणि क्रीडासुविधांच्या करासाठी मतदारांचा कौल कसा आजमावतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हाती निवडणुकीच्या वेळी जी लांबलचक मतपत्रिका पडते, तिच्यात उमेदवारांच्या नावांखाली स्थानिक करांचे प्रस्ताव असतात आणि त्यांत उद्याने, मैदाने, तरणतलाव किंवा समाजमंदिरे यांच्यासाठी पैसे मागणारा एखादा प्रस्ताव अनेकदा आढळतो. तो मतपत्रिकेवर येण्यापूर्वी शहराने किंवा काउंटीने मतदारांचा कल बहुधा आधीच पाहून ठेवलेला असतो. तो कसा पाहतात, त्या आकड्यांवर कितपत विसंबावे आणि त्यांतून काय कळत नाही, याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत. भर कॅलिफोर्नियावर आहे, कारण तेथील नियम बरेच कडक आहेत आणि म्हणूनच तेथे या कामात विशेष काळजी घ्यावी लागते.

उद्यानांसाठी पैसे हवे असतील, तर शहर ते आपल्या अंदाजपत्रकातून का देत नाही? मतदान कशासाठी?

1978 साली मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रपोझिशन 13' या राज्यव्यापी प्रस्तावामुळे कॅलिफोर्नियात मालमत्ता कराचा मूळ दर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्यावर गोठला आणि शहरांना तो आपल्या अखत्यारीत वाढवता येईनासा झाला. उरलेल्या उत्पन्नातून पोलीस, अग्निशमन आणि कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतने यांचा खर्च आधी भागवावा लागतो. मंदी आली की पहिली कात्री उद्यान विभागाला लागते, कारण गवत महिनाभर कापले नाही म्हणून कोणी तातडीच्या सेवेला फोन करत नाही. नवा कर लावायचा किंवा मालमत्ता कराच्या आधारावर बाँड (कर्जरोखे) काढायचे, तर मतदारांची संमती घ्यावीच लागते.

मंजुरीसाठी किती मते लागतात?

पाठिंबा पुरेसा आहे की नाही हे या उत्तरावर ठरते, म्हणून सर्वेक्षणाचा अहवाल हाती आल्यावर हा प्रश्न आधी सोडवावा. नगरपरिषदेने मांडलेला आणि केवळ उद्यानांसाठी राखून ठेवलेला कर हा 'विशेष कर' ठरतो आणि त्याला दोन-तृतीयांश मते लागतात. शहराच्या बाँडलाही तेवढीच लागतात. शाळांच्या बाँडसाठी ही अट 2000 साली अटींसह 55 टक्क्यांवर आणली गेली. स्थानिक पायाभूत सुविधा आणि परवडणारी घरे यांच्या बाँडना तीच सवलत देऊ पाहणारे प्रपोझिशन 5 मात्र नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनी फेटाळले. दोन-तृतीयांशाचा हिशेब निष्ठुर असतो: एका 'नाही'ची भरपाई करायला दोन 'हो' लागतात.

कर 'सर्वसाधारण' असेल, म्हणजे त्याचे पैसे शहराच्या सामान्य निधीत जाणार असतील, तर निम्म्याहून अधिक मते पुरतात; पण मग ते पैसे उद्यानांवरच खर्च होतील अशी कायदेशीर हमी राहत नाही. काही शहरे अशा कराच्या जोडीला 'हे पैसे उद्यानांवर खर्च करावेत काय?' असा सल्लादर्शक प्रश्न मतपत्रिकेवर ठेवतात. ही युक्ती कायद्यात बसते, पण सल्ला बंधनकारक नसतो, हे मतदाराने लक्षात ठेवावे.

तिसरी वाट फ्रेझ्नो शहराने दाखवली. तेथे नागरिकांनी सह्या गोळा करून मेझर पी नावाचा प्रस्ताव नोव्हेंबर 2018 मध्ये मतपत्रिकेवर आणला: उद्याने आणि कलेसाठी तीस वर्षे विक्रीकरात एका डॉलरमागे तीन-अष्टमांश सेंटची वाढ. त्याला 52 टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि शहराने तो नामंजूर झाल्याचे जाहीर केले. परंतु अपलँड शहराविरुद्धच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिलेला निर्णय असा होता, की कायदेमंडळ किंवा नगरपरिषदेवर घातलेली प्रत्येक अट नागरिकांच्या स्वतःच्या प्रस्तावाला आपोआप लागू होत नाही. त्याच आधारावर अपील न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये फ्रेझ्नोच्या प्रस्तावाला साधे बहुमत पुरेसे असल्याचे ठरवले आणि जुलै 2021 पासून कर सुरू झाला. म्हणजे 52 टक्के पाठिंबा हा एका वाटेने पराभव आणि दुसऱ्या वाटेने विजय ठरतो.

लोकांना बागा आवडतातच. मग कौल घ्यायची गरज काय?

आवड आणि कर भरण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आपल्याला शहरातील उद्याने महत्त्वाची वाटतात का?' या प्रश्नाला जवळपास सगळेच 'हो' म्हणतात, आणि त्याचमुळे त्या उत्तराचा काही उपयोग नसतो. अहवालाच्या पहिल्याच पानावर असा आकडा ठळक अक्षरांत छापलेला दिसला, तर तो सोडून सरळ कराच्या प्रश्नाचे पान उघडावे.

सर्वेक्षण कोणाचे करतात? सगळ्या रहिवाशांचे का?

नाही. उद्यानांच्या गरजा जाणून घ्यायच्या असतील तर सर्व रहिवाशांना विचारतात; कराला पाठिंबा किती हे पाहायचे असेल तर केवळ मतदानाला येण्याची शक्यता असलेल्या मतदारांना. त्यासाठी मतदारयादीतून नमुना काढतात. कोणी कोणाला मत दिले हे अर्थातच यादीत नसते. पण मागच्या कोणकोणत्या निवडणुकांत मतदान केले, वय किती आणि कोणत्या पक्षाकडे नोंदणी आहे, हे तिच्यात असते. त्यावरून येत्या निवडणुकीत कोण येईल याचा अंदाज बांधतात. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला तरुण आणि भाडेकरू मतदार मोठ्या संख्येने येतात, तर जूनमधील प्राथमिक फेरीत किंवा एखाद्या विशेष निवडणुकीत वयस्कर घरमालकांचे प्रमाण वाढते. त्यामुळे एकाच शहरात, एकाच प्रस्तावाला, दोन वेगळ्या तारखांना वेगळा पाठिंबा दिसू शकतो, आणि चांगले सर्वेक्षण हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे देते.

केवळ दूरध्वनीवर विसंबण्याचे दिवस गेले आहेत. मोबाइल, ईमेल आणि लघुसंदेशातून पाठवलेली ऑनलाइन प्रश्नावली यांची सांगड घालावी लागते. शहराच्या संकेतस्थळावर ठेवलेली, वाटेल त्याने भरावी अशी प्रश्नावली मात्र या कामाची नव्हे. ती भरतात ते बहुधा उद्यानप्रेमी तरी असतात किंवा करांवर संतापलेले तरी.

चारशे माणसांना विचारून लाखभर मतदारांचे मत कसे कळते?

नमुना यादृच्छिक असेल तर कळते, पण मर्यादेत. 400 जणांच्या नमुन्यात चूक सुमारे 4.9 टक्क्यांनी इकडे किंवा तिकडे होऊ शकते, 600 जणांत 4 टक्क्यांनी आणि 1000 जणांत 3.1 टक्क्यांनी. शहर लहान की मोठे याने फारसा फरक पडत नाही.

गंमत पुढे आहे. समजा, दोन-तृतीयांशाची अट असलेल्या बाँडला 400 जणांच्या सर्वेक्षणात 69 टक्के पाठिंबा दिसला. नगरपरिषदेच्या बैठकीत हे 'अटीहून अधिक' म्हणून मांडले जाते आणि टाळ्याही पडतात. प्रत्यक्षात खरा आकडा 64 ते 74 च्या दरम्यान कोठेही असू शकतो, आणि 66.7 ची रेषा त्या पट्ट्याच्या आतून जाते. शिवाय त्या 69 मध्ये 'नक्की हो' म्हणणारे आणि 'बहुधा हो' म्हणणारे एकत्र मिसळलेले असतात. 'नक्की हो' चाळीस टक्क्यांच्या खाली असेल, तर आमच्या मते प्रस्ताव पुन्हा लिहायला घ्यावा. वॉर्डनिहाय किंवा वंशगटनिहाय आकडे तर आणखी जपून वाचावेत, कारण साठ-सत्तर जणांच्या गटात चुकीची मर्यादा दहा टक्क्यांच्याही पलीकडे जाते.

प्रश्न नेमका कसा विचारतात?

कॅलिफोर्नियात मतपत्रिकेवरील प्रस्तावाचा मजकूर 75 शब्दांत बसवावा लागतो, आणि कराची रक्कम, दर आणि मुदत त्यात सांगावी लागते. चांगल्या सर्वेक्षणात इतर चर्चा करण्यापूर्वी तोच मजकूर, शक्य तितका अंतिम स्वरूपात, वाचून दाखवतात. उदाहरणादाखल असा: 'शहरातील जुनी उद्याने दुरुस्त करणे, खेळाची साधने सुरक्षित करणे, तरणतलाव सुरू ठेवणे आणि झाडांना पाणी देणे यांसाठी दर भूखंडावर वर्षाला 48 डॉलर, नऊ वर्षे, अंदाजे इतके उत्पन्न देणारा कर, स्वतंत्र लेखापरीक्षण आणि नागरिकांच्या देखरेखीसह, मंजूर करावा काय?'

या वाक्यात काय कोठे ठेवले आहे ते पाहण्यासारखे आहे. दुरुस्ती आधी येते, कारण नवे काही बांधण्यापेक्षा असलेले सांभाळण्याला मतदार अधिक राजी असतात. रक्कम मध्यावर येते आणि तिच्यानंतर लगेच लेखापरीक्षण येते. हे लेखनाचे कसब आहे, लबाडी नव्हे. मात्र 'आपल्या मुलांना मोडक्या घसरगुंडीवर खेळू द्यायचे का?' अशी प्रस्तावना आधी जोडली की सर्वेक्षण संपले आणि प्रचार सुरू झाला असे समजावे.

पहिल्या उत्तरानंतर प्रस्तावाचे घटक एकेक करून विचारतात, मग बाजूचे आणि विरोधातले मुद्दे ऐकवतात आणि शेवटी तोच मूळ प्रश्न पुन्हा विचारतात. बाजूचे मुद्दे ऐकून पाठिंबा वाढतो यात नवल नाही. विरोधातले मुद्दे ऐकल्यावर तो किती घसरतो, हा आकडा पाहावा. विरोधी मुद्दे बुळबुळीत असतील ('काहींना कर आवडत नाहीत' इतकेच), तर त्या चाचणीला अर्थ नाही. 'आधीचे पैसे कोठे गेले?' आणि 'पोलिसांना का नाही?' हे दोन प्रश्न तरी तिच्यात हवेत. फ्रेझ्नोत पोलीस आणि अग्निशमनासाठीही वाटा हवा, हाच प्रमुख आक्षेप होता.

कराची रक्कम कशी ठरते?

नमुन्याचे दोन भाग करून एकाला समजा 29 डॉलर आणि दुसऱ्याला 49 डॉलर सांगतात. एकाच माणसाला आधी मोठी आणि मग लहान रक्कम विचारली, तर लहान रक्कम स्वस्त वाटू लागते, म्हणून विभागलेला नमुना अधिक भरवशाचा. पुष्कळदा असे दिसते, की रक्कम थोडी कमी केल्याने मिळणारी जास्तीची मते फारच थोडी असतात, कारण विरोधकांचा विरोध रकमेला नसून करालाच असतो. तसे असेल तर उगाच कमी पैसे मागून कामे अर्धवट ठेवण्यात शहाणपण नाही.

लॉस एंजेलिस काउंटीत 2014 साली हरलेला कर 2016 साली जिंकला. मधे काय बदलले?

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण हेच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. या काउंटीत 1992 साली मतदारांनी उद्यानांसाठी मालमत्तांवर आकारणी मंजूर केली होती आणि तिची मुदत संपत आली होती. ती जागा भरून काढण्यासाठी नोव्हेंबर 2014 मध्ये मेझर पी (फ्रेझ्नोतील प्रस्तावाशी फक्त अक्षर सारखे) मांडला गेला: प्रत्येक भूखंडावर वर्षाला सरसकट 23 डॉलर. त्याला 60 टक्क्यांहून अधिक मते मिळाली, पण दोन-तृतीयांश मिळाली नाहीत.

त्यानंतर काउंटीने काय हवे आहे हे तपासायला घेतले. काउंटीचे 188 अभ्यासक्षेत्रांत विभाजन करून, स्थानिक बैठका घेऊन, 2016 साली उद्यानांच्या गरजांचा आराखडा पूर्ण केला. दर हजार लोकांमागे स्थानिक उद्यानांची जमीन सरासरी केवळ 3.3 एकर आहे, आणि तीही अतिशय विषम वाटलेली आहे, हे त्यातून समोर आले. प्रत्येक क्षेत्राने आपल्या प्राधान्याच्या कामांची यादी स्वतः तयार केली. मग नोव्हेंबर 2016 मध्ये मेझर ए आला: बांधकामाच्या दर चौरस फुटाला दीड सेंट. त्याला सुमारे 75 टक्के मते मिळाली.

आता हिशेब करा. दीड हजार चौरस फुटांच्या घराला मेझर ए प्रमाणे वर्षाला साडेबावीस डॉलर पडतात, म्हणजे 2014 च्या 23 डॉलरइतकेच. साध्या घरमालकाच्या खिशाला काहीच फरक पडला नाही. मोठ्या इमारती आणि गोदामे यांच्यावरचा भार मात्र वाढला. त्यामुळे 'रक्कम जास्त होती म्हणून हरलो' हे स्पष्टीकरण येथे टिकत नाही. कराची रचना न्याय्य वाटणे, आपल्या भागाला काय मिळणार हे आधी ठाऊक असणे आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला मोठ्या संख्येने आलेले मतदार, या तिन्हींचा हातभार लागला असावा. त्यांपैकी कोणाचा किती, हे एका निकालावरून वेगळे काढता येत नाही, आणि कोणी सल्लागार ते छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचे शुल्क देण्यापूर्वी विचार करावा.

मी येथे घर घेतले आहे, पण नागरिक नाही. माझे मत कोण विचारणार?

आपल्यापैकी अनेकांची हीच स्थिती आहे: एच-1बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असताना मालमत्ता कराचे बिल वेळेवर भरायचे आणि त्यात ज्या करांची भर पडली त्यांवर मत द्यायचे नाही. मतदारयादीतून काढलेल्या सर्वेक्षणात आपले नाव येत नाही.

यास एक अपवाद आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. काही शहरे कर न लावता 1972 च्या भूदृश्य व दिवाबत्ती कायद्याखाली ठरावीक भागातील मालमत्तांवर 'आकारणी' बसवतात. प्रपोझिशन 218 मुळे 1996 पासून अशा आकारणीसाठी मालमत्ताधारकांना टपालाने मतपत्रिका पाठवाव्या लागतात, आणि मतांचे वजन आकारणीच्या रकमेवर ठरते. येथे मतदार म्हणजे मालमत्ताधारक, मग तो नागरिक असो वा नसो, आणि कंपनीसुद्धा. घरी आलेले ते पाकीट जाहिरात समजून टाकू नये. भाडेकरू नागरिकाला मात्र या मतदानात सहसा स्थान नसते, ही त्याची दुसरी बाजू.

आमच्या मुलांना क्रिकेटसाठी मैदान हवे आहे. ते सर्वेक्षणात उमटेल का?

मतदारांच्या सर्वेक्षणात बहुधा नाही. चारशे जणांत क्रिकेट खेळणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतील आणि अहवालात ती 'इतर' या रकान्यात जातील. त्याची जागा गरजांच्या आराखड्यासाठी होणाऱ्या बैठकांत आणि उद्यान आयोगापुढे आहे, आणि तेथे नागरिकत्व विचारले जात नाही. जाताना 'क्रिकेट हवे' एवढेच म्हणून भागणार नाही. दोन बेसबॉल मैदानांच्या मधल्या गवतावर दर शनिवारी मॅट अंथरून सामने होत असतील, तर कोणते उद्यान, किती संघ, कोणत्या वेळी आणि फुटबॉलच्या आरक्षणाशी कोठे टक्कर होते, हे कागदावर मांडावे. खेळपट्टीसाठी लागणारी सिमेंटची पट्टी इतर सुविधांच्या मानाने स्वस्त पडते, त्यामुळे कामांच्या यादीत ती सहज बसू शकते. बाँड मंजूर झाल्यानंतर जाणे म्हणजे पंगत उठल्यावर ताट मागणे.

करदात्यांच्या पैशांतून असे सर्वेक्षण करणे कायदेशीर आहे का?

माहिती मिळवण्यासाठी केलेले सर्वेक्षण चालते. प्रचार चालत नाही. ही सीमारेषा आखणारा निर्णय उद्यानांच्याच प्रकरणातून आला आहे. 1974 च्या राज्य उद्यान बाँडच्या प्रचारासाठी सरकारी निधी वापरल्याच्या तक्रारीवरून उद्यान विभागाचे संचालक विल्यम पेन मॉट यांच्यावर दावा झाला, आणि 1976 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सार्वजनिक संस्थेला मतदारांपुढे वस्तुस्थिती निःपक्षपणे मांडता येते, परंतु कायद्याने स्पष्ट अधिकार दिलेला नसताना एका बाजूचा प्रचार सार्वजनिक पैशांतून करता येत नाही. 'हो म्हणा' असे न लिहिता 'हो' म्हणायला लावणारी शहरांची रंगीत पत्रके या रेषेवरूनच चालतात.

कॅलिफोर्नियाबाहेर काय चित्र आहे?

अटी सैल असतील तर मार्गही वेगळे निघतात. डेन्व्हरने 2018 साली उद्यानांसाठी पाव टक्का विक्रीकर सुमारे 61 टक्के मतांनी मंजूर केला. ह्यूस्टनने 2012 साली 16.6 कोटी डॉलरचे उद्यान बाँड सुमारे 68 टक्के मतांनी. वॉशिंग्टन राज्यात अशा बाँडला 60 टक्के लागतात, तर सिॲटलने 2014 साली स्वतंत्र उद्यान जिल्हा स्थापन करण्याचा मार्ग घेतला, ज्याला साधे बहुमत पुरते, आणि तो निम्म्याहून थोड्याच अधिक मतांनी पार पडला.

महाराष्ट्रात असे मतदान होते का?

होत नाही. मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकर असतो, पण तो 1975 च्या राज्य कायद्याखाली येतो आणि त्यावर नागरिकांचे मत घेतले जात नाही. पुणे महापालिकेने 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची प्रथा सुरू केली. मात्र त्यात पैसे कोठे खर्च करायचे एवढेच सुचवता येते, नवा कर द्यायचा की नाही हे नाही.

आमच्या शहराचे सर्वेक्षण आम्हाला पाहायला मिळेल का?

शहराने पैसे देऊन करवून घेतलेला अहवाल सर्वसाधारणपणे सार्वजनिक दस्तऐवज असतो आणि तो नगरपरिषदेच्या बैठकीच्या कागदपत्रांत सापडतो. नियमित बैठकीची कार्यसूची किमान 72 तास आधी प्रसिद्ध करावी लागते. सल्लागाराच्या रंगीत सादरीकरणावर समाधान मानू नये. प्रत्येक प्रश्नाचा पूर्ण मजकूर, प्रश्नांचा क्रम, नमुना कसा निवडला, आणि विरोधी मुद्दे ऐकल्यानंतरचा आकडा, हे सारे असलेला मूळ तक्ता मागावा. तो जोडलेला नसेल तर शहर लिपिकाकडे सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली लेखी अर्ज करता येतो. प्रस्ताव मतपत्रिकेवर घेण्याचा ठराव काउंटीकडे निवडणुकीच्या किमान 88 दिवस आधी पोहोचावा लागतो, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. त्यामुळे ज्या बैठकीत बोलून मजकुरात बदल होऊ शकतो ती बैठक साधारण जून-जुलैमध्ये, मुलांना सुट्ट्या आणि निम्मे शेजारी भारतात असताना, होते.